नातवाचा अर्ज आणि माझी मंजुरी

बँकेत ३४ वर्षे काढली, त्यातली निम्मी तरी लोकांचे कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. ट्रॅक्टर, विहीर, किराणा दुकान, मुलीचं लग्न, सगळं पाहिलं. पण माझ्या आयुष्यातला सर्वात चांगला अर्ज मला निवृत्तीनंतर दहा वर्षांनी मिळाला. अर्जदार वय वर्षे ११, कारण व्हिडिओ गेम. त्याचीच ही हकीकत.

२०२० चा मार्च. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या तसे चिरंजीव, सूनबाई आणि नातू "आठ दिवस येतो" म्हणून बालाघाटला आले. गुढीपाडव्याच्या दिवशीच लॉकडाऊन लागला आणि आठ दिवसांचे पाच महिने झाले. सौ. खूश होती. घर भरलेलं होतं. चिरंजीव मात्र दिवसभर आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर. एप्रिलमध्ये त्याच्या कंपनीने पगार कापला. हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, सूनबाईंनी हिला स्वयंपाकघरात सांगितलं आणि हिने मला.

नातवाकडे एक निन्टेन्डो स्विच होता. माझी भाची अमेरिकेत असते, तिने मुंजीला पाठवलेला. सोबत एकच गेम, 'पोकेमॉन शील्ड'. याचा जोडीदार 'सोर्ड'. दोन्ही नोव्हेंबर २०१९ मध्ये एकाच दिवशी बाजारात आले. गोष्ट एकच, पण काही पोकेमॉन फक्त ह्यात आणि काही फक्त त्यात. सगळे गोळा करायचे तर दुसरा गेम असलेला मित्र लागतोच. मला हे ऐकून गंमत वाटली. माणसाला माणसाकडे जायला लावणारा धंदा!

मे महिन्यात जेवताना नातू म्हणाला, "बाबा, एक्सपान्शन पास येतोय."

चिरंजिवाने मान वर न करता विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे ह्याच गेमला दोन नवीन भाग जोडले जाणार. एक जूनमध्ये, दुसरा ऑक्टोबरच्या सुमारास. दोन्हीचे मिळून २९.९९ डॉलर."

"एक गेम आहे ना? तो आधी पूर्ण वापर."

माझा घास हातातच राहिला. हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं.

१९९२ साल असेल. मी वारासिवनीच्या शाखेत होतो. मेहुण्याने चिरंजिवाला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम दिला होता, त्यासोबत एक कॅसेट. हा तेव्हा १३ वर्षांचा. महिन्याभरात ती कॅसेट खेळून झाली. गोंदियाला एका दुकानात दुसरी मिळते असं याला कळलं, किंमत दोनशे रुपये. रविवारी छोटी लाईनची गाडी पकडून गोंदियाला जाऊ या म्हणून माझ्या मागे लागला. मी म्हणालो, "एक आहे ना? ती आधी पूर्ण वापर." त्या दिवशी मी बहुधा कुणाचं तरी वीस हजाराचं कर्ज मंजूर करून घरी आलो होतो. पोराने पुन्हा विचारलं नाही. कॅसेटचं नाही, आणि मंडळी, त्यानंतर त्याने माझ्याकडे फारसं काहीच मागितलं नाही. सायकल मी आपणहून आणली. इंजिनिअरिंगचा फॉर्म त्याने आईकडून सही करून घेतला. मला वाटायचं, पोरगं समजूतदार आहे. ते समजूतदार नव्हतं, त्याने माझ्याकडचं खातं बंद केलं होतं.

आता नातवानेही ताट उचललं आणि गप्प उठून गेला. ते गप्प उठणं मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला झोपाळ्यावर बसवलं आणि म्हणालो, "हे बघ, मी बँकवाला माणूस. रडून आमच्याकडे काही मिळत नाही. अर्ज कर. तुझ्यासारखे खेळणारे या नवीन भागांबद्दल काय म्हणतात ते लिही. बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही. विरुद्ध मुद्दे लपवलेस तर अर्ज नामंजूर."

पठ्ठ्याने तीन दिवस मित्रांना व्हिडिओ कॉल केले आणि फुलस्केप कागदाची दोन पानं भरून आणली. त्यातलं आठवेल तसं सांगतो.

पहिल्या मित्राचं मत: हे लुबाडणं आहे. तोवर एकूण पोकेमॉन ८०० च्या वर झाले होते. जुन्या गेममधले तुम्ही जपून ठेवलेले पोकेमॉन नव्या गेममध्ये नेता येत असत. सोर्ड-शील्डमध्ये पहिल्यांदाच ठरलं की ठरावीक, ४०० च्या आसपासच आत येतील. २०१९ मध्ये यावरून जगभरचे खेळणारे खवळले होते. आणि आता दोन नवीन भागांत २०० हून जास्त जुने परत येणार म्हणतात. मित्राचं म्हणणं, "आधी घरातून काढलं आणि आता तिकीट लावून परत आणतायत."

मला मुद्दा पटला. घराचा नकाशा दाखवताना बाल्कनी दाखवायची आणि ताबा देताना तिचे वेगळे पैसे मागायचे, असे बिल्डर मी पाहिलेत.

दुसरं मत वर्गातल्या एका मुलीचं: हे स्वस्त पडतं. तिच्या मोठ्या भावाने आधी 'सन' घेतला होता. वर्षभरात, २०१७ मध्ये, त्याचीच सुधारलेली आवृत्ती 'अल्ट्रा सन' आली. पुन्हा पूर्ण किंमत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पूर्वीपासून हीच रीत. 'डायमंड' आणि 'पर्ल' नंतर 'प्लॅटिनम'. त्यापेक्षा अर्ध्या किमतीत नवीन प्रदेश मिळतो आणि आपले वाढवलेले पोकेमॉन घेऊनच तिथे जाता येतं, ते बरं नाही का?

हाही मुद्दा पटला. जुनं कर्ज बंद करून नवीन काढण्यापेक्षा टॉप-अप बरं.

तिसरा मित्र सावध: दोन्ही भागांचे पैसे एकदम आणि आधी द्यायचे, दुसरा भाग तर अजून तयारही नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबावं, लोक काय म्हणतात ते ऐकावं, मग घ्यावं. किंमत काही वाढत नाही. या मुलाला मी आमच्या बँकेत डोळे झाकून घेतलं असतं.

चौथ्या मित्राचं मत फक्त एका ओळीत होतं: "तो घेऊ शकत नाही. त्याच्या बाबांचं दुकान बंद आहे." आणि खाली नातवाने स्वतःचं लिहिलं होतं. गेमची एक सुधारणा सगळ्यांना फुकट मिळणार आहे. त्यामुळे ज्याने पास घेतला नाही, त्यालाही परत आलेले जुने पोकेमॉन मित्राकडून अदलाबदलीने घेता येतील. "मी घेतला तर मी पकडून त्याला देऊ शकतो. म्हणजे एका पासमध्ये दोघांचं होईल."

चष्मा पुसला आणि कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलं: मंजूर.

रात्री चिरंजिवाला सांगितलं. तो चिडला. "बाबा, तुम्ही त्याला बिघडवताय. इथे माझं काय चाललंय तुम्हाला माहीत नाही. आणि मला तर तुम्ही..." तिथे थांबला. वाक्य पूर्ण केलं नाही. मीही "मला तर काय?" असं विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. मी एवढंच म्हणालो, "पैसे माझ्या पेन्शनचे आहेत. आणि पगार कमी झाल्याचं मला माहीत आहे. तेही मला सांगायला हवं होतंस." तो बराच वेळ अंगणात उभा राहिला.

खातं अमेरिकेतलं असल्याने खरेदी भाची करणार होती. डॉलर तेव्हा ७५ रुपयांच्या आसपास होता, म्हणून मी २,२५० रुपये नागपूरला बहिणीच्या खात्यात टाकले. भाची फोनवर म्हणाली, "मामा, घेतेय हं." मी म्हणालो, "थांब. काय लिहिलंय ते वाचून दाखव." तिने वाचलं, 'सोर्ड एक्सपान्शन पास'. म्हटलं, "अगं, आपला शील्ड!" सोर्डचा पास शील्डला चालत नाही. चुकीचा घेऊन पस्तावलेले कितीतरी लोक होते म्हणे. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही ३४ वर्षांची सवय त्या दिवशी कामी आली. नातवाच्या नजरेत माझा भाव एकदम वधारला.

१७ जूनला पहिला भाग आला, 'द आइल ऑफ आर्मर'. आमच्या इंटरनेटवर तो उतरवून घ्यायला अख्खी रात्र लागली. आमच्याकडे तेव्हा मृग लागून पाऊस पडला होता. सकाळी अंगणात ओल्या मातीवर लाल मखमलीचे मिरगाचे किडे फिरत होते. हिंदीत ह्यांना बीरबहुटी म्हणतात. मी नातवाला सांगितलं, तुझ्याएवढा असताना आम्ही हे काड्यापेटीत गोळा करायचो आणि शाळेत एकमेकांशी बदलायचो. तो उडालाच. म्हणाला, "आबा, पोकेमॉन असाच बनला!" ज्यांनी हा गेम काढला ते सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोच्या बाहेर किडे गोळा करत. पुढे ती रानं बुजून इमारती झाल्या. तो आनंद मुलांना परत मिळावा म्हणून त्यांनी १९९६ मध्ये पहिले दोन गेम आणले. त्यात अदलाबदलीसाठी दोन यंत्रं वायरने जोडावी लागत. आमची काड्यापेटी, त्यांची वायर.

या बेटावर एक माणूस भेटतो, ज्याचे १५० डिगलेट हरवलेत. डिगलेट म्हणजे जमिनीत राहणारा प्राणी. या जातीच्या डोक्यावर तीन सोनेरी केस असतात आणि तेवढेच मातीबाहेर दिसतात. पावसाळ्यात रानात पिहरी (पुण्याकडे अळंबी म्हणतात) शोधण्याचा आम्हाला जन्मजात सराव. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी मी भराभर दाखवू लागलो. "तो बघ, झाडामागे. तो बघ, वाळूत." जसे सापडतील तसा तो माणूस बदल्यात एकेक पोकेमॉन देतो. १४९ झाले आणि शेवटचा सापडेना. दोन दिवस दोघे बेजार. तिसऱ्या दिवशी सकाळी नातवाने यंत्र उघडलं तर १५० पूर्ण! रात्री सगळे झोपल्यावर चिरंजीव बसला होता. चहा पिताना मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "सहज बघितलं." मी म्हणालो, "गोंदियाला जायला हवं होतं रे आपण." त्याने बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "त्या कॅसेटमध्ये तसं काही नव्हतं, बाबा. नंतर मित्राकडे खेळलो मी."

२८ वर्षांनी हिशोब मिटला असं म्हणणार नाही. पण खातं पुन्हा चालू झालं. कापलेल्या पगाराचा, घराच्या हप्त्याचा विषय त्याने त्याच चहावर स्वतःहून काढला.

प्रामाणिक हिशोब द्यायचा तर नातवाचं पुढचं मतही सांगायला हवं. पहिल्या भागाची गोष्ट तीन संध्याकाळीत संपली, ती त्याला तोकडी वाटली. पुष्कळ खेळणाऱ्यांची तीच तक्रार होती. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या काही दिवस आधी आलेला बर्फाळ प्रदेशाचा दुसरा भाग, 'द क्राउन टुंड्रा', त्याला आणि बहुतेकांनाही जास्त आवडला. म्हणजे तिसरा मित्र, "थांबा" म्हणणारा, तोच बरोबर ठरला. पण थांबलो असतो तर आमचा जून गेला असता.

गणपतीच्या आधी ते पुण्याला परतले. सूनबाईंनी मला एक फोटो पाठवला. सोसायटीच्या जिन्यात दोन मुलं, तोंडाला मास्क, मध्ये चार पायऱ्यांचं अंतर, दोघांच्या हातात यंत्रं. आता वायर लागत नाही. नातू त्या चौथ्या मित्राला शिंक्स देत होता. हा सिंहाच्या छाव्यासारखा, अंगात वीज असलेला पोकेमॉन, पहिल्या भागातच परत आलेला.

नातू आता १६ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी 'लेजंड्स झेड-ए' नावाचा गेम आला. मूळ गेम ऑक्टोबरमध्ये येणार होता आणि त्याच्या जोडभागाची घोषणा सप्टेंबरमध्येच झाली. खेळणाऱ्यांत पुन्हा गदारोळ. मी फोन करून विचारलं, "काय रे, अर्ज करायचा नाही का?" म्हणाला, "आबा, घराला छप्पर नाही आणि माडी विकायला काढलीय. नामंजूर."

मी चिरंजिवाला म्हणालो, पोरगं तुझ्यावर गेलंय. तो म्हणाला, "माझ्यावर नाही, तुमच्यावर."

ती फुलस्केपची दोन पानं अजून माझ्या कपाटात आहेत, मुदत ठेवीच्या पावत्यांच्या फायलीत.