भागधारकांचे राज्य

कंपन्या सरकारे गिळून बसल्या आहेत, कोतवालीवर कुणाच्या तरी साबणाची पाटी झळकते आहे, अशा विडंबनकथा हल्ली चवीने वाचल्या जातात. वाचताना मला साताऱ्याचा राजवाडा दिसू लागतो. संध्याकाळी त्याच्यापुढे चौपाटी भरते. तव्यांचा खणखणाट, लोण्याचा वास, स्टँडकडे वळणाऱ्या एसटीचा धूर. आणि मागे काळवंडलेल्या लाकडी खांबांचा तो वाडा.

वाडा बांधणाऱ्या प्रतापसिंह महाराजांना राज्य दिले ते एका कंपनीने, ईस्ट इंडिया कंपनीने, १८१९ च्या तहाने. १८३९ मध्ये काढून घेतले तेही तिनेच, आणि महाराजांची रवानगी काशीला झाली. भाऊ शहाजी गादीवर आले. १८४८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचे दत्तविधान गव्हर्नर जनरल डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क हा कंपनीचाच माणूस, तोही विरोधात होता. विचारतो कोण?

खरी गंमत लंडनची. महाराजांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले ते दहा-बारा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले. दाद मागायची कुठे? लेडनहॉल स्ट्रीटवर, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत! ठरावीक रकमेचे भाग पदरी असतील त्यालाच मत. त्या सभेत बसलेली रंगोबांची पगडी मी डोळ्यांपुढे आणू पाहतो. शिवछत्रपतींच्या गादीचा निवाडा ज्यांनी करायचा, वर्षाचा लाभांशही त्यांच्याच खिशात पडायचा. जॉर्ज थॉम्पसनसारखे काहीजण राजासाठी तळमळून बोलले. मते फिरली नाहीत. आणि ही कंपनी तेव्हा व्यापारही करत नव्हती बरं का! १८३३ च्या कायद्याने तिची वखार बंद झाली होती. राज्य करणे एवढाच धंदा उरला होता.

तिकडे कृष्णाकाठी सांगलीकर पटवर्धनांचे संस्थान मात्र १९४८ पर्यंत निभावले. छत्रपतींची गादी बुडाली, पेशव्यांच्या सरदारांची राहिली. कंपनीचा हिशेब!

रंगोबा रित्या हातांनी परतले. १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला, त्यात त्यांचा मुलगा होता. ते स्वतः बेपत्ता झाले, कधीच सापडले नाहीत. पुढच्या वर्षी राज्य कंपनीकडून राणीकडे गेले. भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश १८७४ पर्यंत मिळत राहिला, हिंदुस्थानच्या महसुलातून.