काळ्या पाण्याची चौकशी

आमच्या घरी प्रवासाचे बेत जमतात ते गच्चीवर आणि मोडतात ते खाली ओट्यावर. दिवाळीच्या सुटीत अंदमानास जावे असे रविवारी रात्री गच्चीवर ठरले आणि सोमवारी सकाळी दूध घेण्यास खाली उतरलो तोच ओट्यावर त्याची वार्ता आमच्या आधी पोहोचलेली होती. शेजारचे काका, ज्यांनी उभ्या आयुष्यात दमणपलीकडचा समुद्र पाहिलेला नाही, गंभीरपणे म्हणाले, "साहेब, त्यां तो जंगली लोको तीर मारे छे!" शाळेत गेलो, तर सहकाऱ्यांनी ज्वालामुखीची आठवण करून दिली. सायंकाळी मेहुण्यांचा दूरध्वनी आला. त्यांना त्सुनामीने पछाडले होते. धाकट्या भगिनीने मगरींचा विषय काढला. चोवीस तासांत त्या बिचाऱ्या बेटांवर अग्नी, जल, श्वापदे आणि बाण अशी चारही संकटे येऊन उभी राहिली.

वास्तविक हा बेत आमचा नव्हे, मातोश्रींचा. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी त्यांनी 'माझी जन्मठेप' वाचले, तेव्हापासून ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी ही त्यांची इच्छा. आधी संसार, मग आमची शिक्षणे, मग नातवंडे. इच्छा मागे पडत गेली. आता गुडघे कुरकुर करू लागले आहेत. यंदा नाही तर बहुधा कधीच नाही, हे न बोलता घरातील सर्वांस ठाऊक आहे. म्हणूनच सौभाग्यवतींनी रात्री हळूच "वयस्कर माणसाला घेऊन कशाला विषाची परीक्षा?" असे म्हटले तेव्हा आम्हीही मान डोलावली.

मातोश्री जाग्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, अमळनेरची ओसरी विसरलास का?"

सुरतेतील जुन्या वाचकांस या प्रश्नाचा अर्थ सांगावयास नको. इतरांसाठी थोडे मागे जातो. १९९४ च्या सप्टेंबरात, गणेश विसर्जनानंतर दोनचार दिवसांतच, या शहरात प्लेगची वार्ता पसरली. रोग खोटा नव्हता. पन्नासाहून अधिक माणसे दगावली. परंतु त्या रोगापेक्षा शतपटीने वेगवान अशी एक दुसरी साथ गल्लीबोळांतून धावत होती. पाण्यात विष आहे, प्रेतांची गणतीच नाही, आज रात्री शहर बंद होणार. ज्याला जे सुचेल ते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या आणि काही लाख माणसे चार दिवसांत शहर सोडून गेली. त्यांत आम्हीही होतो. नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. उधन्याला भुसावळकडे जाणारी गाडी पकडली आणि नंदुरबार, दोंडाईचा करीत उभ्याउभ्याच अमळनेरला मामांच्या दारी पोहोचलो. दार उघडले गेले, परंतु आम्हांस घरात घेतले गेले नाही. पाच दिवस ओसरीवर काढले. चहाच्या कपबशा निराळ्या, ताटे निराळी. मामांचा दोष नव्हता. त्यांच्या घरात तान्हे मूल होते आणि त्यांना कोणी सांगितले होते की, सुरतेच्या माणसाच्या नुसत्या श्वासाने घर साफ होते. मातोश्रींना आम्ही रडताना फारसे पाहिलेले नाही. त्या ओसरीवर पाहिले.

पुढे सुरत स्वच्छ झाली, इतकी की स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०२३ सालचा पहिला क्रमांक तिने इंदूरसह पटकावला. तरी महाराष्ट्रातील काही आप्त आजही आम्हांस "तिकडचे पाणी कसे काय?" असे विचारतात आणि डुमसच्या काळ्या वाळूत भुते फिरतात का, हेही. त्या वाळूत आम्ही आजवर टोमॅटोची भजी खाल्ली; भूत भेटले नाही.

तेव्हा मातोश्रींच्या प्रश्नाने आमची झोप उडाली. ज्यांच्या शहराविषयी जगाने न विचारता निकाल दिला, त्यांनीच दुसऱ्याच्या भूमीविषयी तसाच निकाल द्यावा? सकाळी शाळेतील एक कोरी वही काढली आणि हजेरीपटासारखे रकाने आखले: काय झाले, नेमके कोठे, कोणत्या साली, सांगणारा स्वतः तेथे होता का. शेवटच्या रकान्यात सर्वत्र फुली पडली, हे सांगणे नलगे.

मग नकाशा उलगडला. तीर मारणारे सेंटिनेली लोक आहेत, हे खरे. २०१८ च्या नोव्हेंबरात बंदी मोडून त्यांच्या किनाऱ्यावर उतरलेला एक अमेरिकन तरुण प्राणास मुकला, हेही खरे. परंतु त्यांचे बेट पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्री विजयपुरमच्या) पश्चिमेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, समुद्राने वेगळे, आणि तेथे जाण्यास कायद्यानेच मनाई. ते कोणाच्या वाटेस जात नाहीत. आपण त्यांच्या दारी आगंतुक म्हणून जाऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा. ज्वालामुखीही आहे. बॅरन बेटावरचा तो पर्वत दीर्घ निद्रेनंतर १९९१ मध्ये जागा झाला आणि अधूनमधून धुमसतो. पण ते बेट निर्मनुष्य असून राजधानीपासून शंभरावर किलोमीटर दूर आहे.

त्सुनामीपाशी मात्र लेखणी थांबली. २६ डिसेंबर २००४ ची ती रविवारची सकाळ कोण विसरेल? सर्वाधिक संहार झाला तो निकोबार बेटांत. कार निकोबार, कच्छल. अगदी दक्षिणेचे इंदिरा पॉइंट तर भूमीसह चार मीटरांहून अधिक खचले. पोर्ट ब्लेअरजवळची सखल शेतेही खाऱ्या पाण्याखाली गेली. हा धोका शून्य आहे असे कोणी म्हणेल तर तीही अफवाच. २००७ पासून हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचा पूर्वइशारा दिला जातो, ही त्यातली जमेची बाजू. भूकंपाचा धक्का जाणवला की इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर जावे, हे वहीत लाल शाईने लिहिले. मगरींची गोष्टही सपशेल खोटी निघाली नाही. २०१० मध्ये हॅवलॉक बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपावर, एका परदेशी युवतीचा मगरीने बळी घेतला. फलक असेल तेथे पाण्यात उतरावयाचे नाही. आमच्या घरी पोहणारे कोणी नाहीच.

प्रवास घडवून आणणाऱ्या गृहस्थांकडे गेलो, तर त्यांनी वहीकडे न पाहताच "सगळे सेफ आहे, साहेब, पैसे आजच भरा" असे सांगितले. ओट्यावरच्या भीतीत आणि या अभयदानात आम्हांस फारसा फरक दिसला नाही. दोघांनीही साल आणि ठिकाण सांगितले नव्हते.

अखेर एक माजी विद्यार्थी आठवला. तटरक्षक दलात असताना तो तेथे तीन वर्षे होता. चौथ्या रकान्यात बरोबरची खूण मिळवणारा हा एकटाच. तो म्हणाला, "सर, बाणांची काळजी सोडा, बोटीची करा." २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली पर्यटकांची बोट उलटून एकवीस जण बुडाले, हे त्याने सांगितले आणि आम्ही चपापलो. चार महासंकटे सांगणाऱ्यांपैकी कोणीही ही साधी गोष्ट बोलले नव्हते. आणखी एक: ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ, म्हणजे नेमकी आमची दिवाळीची सुटी. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळाने सुमारे चौदाशे पर्यटक बेटांवर अडकले. नौदलाने व तटरक्षक दलाने त्यांना सुखरूप आणले. "अडकले, सर. बुडाले नाहीत. पण विमाने चुकली."

मुख्याध्यापकास जानेवारीत रजा मिळणे म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. तेव्हा दिवाळीच कायम ठेवून बेताची घडी बदलली. छोटी बेटे आधी, परतीपूर्वीचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरलाच मोकळे. बोटीत अंगरक्षक जाकीट मिळाल्याशिवाय पाऊल ठेवावयाचे नाही. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावयाचा आणि तो वाईट असेल तर तिकिटाच्या पैशांवर पाणी सोडावयाचे. सौभाग्यवतींनी वही दोनदा वाचली आणि गुडघ्याचे तेल सामानाच्या यादीत लिहिले, त्यावरून संमती समजलो. १९०६ साली पुरा झालेल्या त्या कारागृहाच्या सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे. जिने चढवतील की नाही, ही मातोश्रींची एकमेव चिंता.

परवा अमळनेरहून मामांच्या नातवाचा दूरध्वनी आला. त्यालाही ओट्यावरून कळले असावे. "आत्याआजी, तिकडे तीर मारतात म्हणे?" मातोश्रींनी चष्मा लावला, वही मागवली आणि पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत त्याला वाचून दाखवली. बराच वेळ पलीकडे शांतता होती. मग त्याने, आपण उभयतां आलो तर चालेल का, असे विचारले.

"या की," मातोश्री म्हणाल्या. "आधी सुरतेला घरी या. इथूनच सगळे मिळून निघू."

तिकिटे पाच काढली आहेत.