दोन गोळ्यांमधला प्रवास

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी एक आवाहन केले होते : २०२२ पर्यंत प्रत्येकाने आपल्या देशातली किमान पंधरा पर्यटनस्थळे पाहावीत. दूरदर्शनवर ते ऐकताना आमचे हे हसले होते. एस. टी.च्या गंगाखेड आगारात एकतीस वर्षे वाहक म्हणून काढलेला माणूस. "पंधरा? माझ्या पंधरा हजार फेऱ्या झाल्या असतील," असे म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा किंचित हलत होता. त्या हलण्याला वयाचा दोष देऊन आम्ही दोघांनी ते सोडून दिले नाही. दिवाळीनंतर नांदेडला दाखवले आणि कंपवाताचे निदान झाले.

या आजाराचे वर्णन बहुतेक ठिकाणी थरथरीपासून सुरू होते. घरात राहणाऱ्याला मात्र थरथर फारशी छळत नाही. छळतो तो मंदपणा. सदऱ्याची पाच बटणे लावायला पंधरा मिनिटे लागतात. आवाज खाली जातो, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे हसू उमटायला उशीर लागतो. मग माणूस हळूहळू बाहेर जाणे टाळू लागतो. आधी लग्नसमारंभ सुटले, नंतर आठवडी बाजार, नंतर पारावरची बैठक. दोन वर्षांत यांचे जग पलंग, खिडकी आणि न्हाणीघर एवढ्यावर आले. त्याबरोबर माझेही. काळजी घेणाऱ्याचे जग रुग्णाच्या जगाहून मोठे राहत नाही, ही गोष्ट मला शाळेतल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीने शिकवली नव्हती.

पुण्याच्या मुलाने काश्मीरच्या सहलीची माहितीपत्रके पाठवली. त्याचा हेतू चांगला होता. पण दहा दिवस, रोज नवे हॉटेल, पहाटेचे विमान, न्याहारीची ठरलेली वेळ, आणि गटातल्या चाळीस माणसांनी आमच्यासाठी थांबायचे; हे गणित मला जमेना. मुलाला फोनवर सांगितले, "बाळा, आमचा देश आता साडेतीन तासांचा आहे."

त्याला ते समजावून सांगावे लागले. कंपवातावरचे मुख्य औषध लेवोडोपा. ते घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने शरीर मोकळे होते, काही तास मोकळे राहते आणि मग ओहोटी लागावी तसे पुन्हा जड होत जाते. हा मोकळा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो आणि आजार वाढतो तसा तो कमी होतो. यांचा त्या वेळी साधारण साडेतीन तासांचा होता. तेवढ्या वेळात जे पाहून होईल ते आमचे, असे मी ठरवले. पालमहून एका अंगाला गंगाखेड, दुसऱ्या अंगाला लोहा. दोन्हीकडे गाडीने पाऊण तास. जाणे, दीड तास थांबणे, येणे. शेजारच्या मुलाची मोटार भाड्याने घ्यायची, कारण तो यांना 'मामा' म्हणतो आणि गाडी थांबव म्हटले की का म्हणून विचारत नाही.

पहिले ठिकाण आमच्याच तालुक्यातले निवडले. गोदावरीच्या पात्रातले जांभूळबेट. पालमला उभा जन्म काढलेली कितीतरी माणसे तिथे गेलेली नाहीत, त्यांत आम्हीही होतो. दोन्ही अंगांनी नदी आणि मधे जांभळीची दाट राई. बेटावर जायचे तर होडीत बसावे लागते. डुगडुगत्या होडीत चढणे आणि उतरणे यांच्या पायांना झेपणारे नव्हते, म्हणून आम्ही तीरावरच सतरंजी टाकून बसलो. नोव्हेंबरचे कोवळे ऊन होते. पलीकडून मोर ओरडला. यांनी मान वळवली. मान आणि अंग एकदम न वळता मान आधी वळली, हे मी पाहिले. कितीतरी महिन्यांनी.

परतताना त्यांनी विचारले, "पुढची फेरी कधी?" फेरी हा त्यांचा शब्द. सहल, पर्यटन, यात्रा यांतला कोणताही शब्द त्यांनी अजून वापरलेला नाही.

दुसरी फेरी गंगाखेडची. संत जनाबाईंचे हे जन्मगाव. लहानपणीच त्या पंढरपुराला गेल्या आणि नामदेवांच्या घरी राहिल्या, हे मी वर्षानुवर्षे चौथीच्या मुलांना शिकवले. दळणकांडण करता करता अभंग रचणारी बाई हा माझ्या दृष्टीने पाठ्यपुस्तकातला धडा होता. आता दिवसभर कुणाचे तरी आवरून देण्यात वेळ जाऊ लागल्यावर तो धडा मला वेगळा कळला, एवढेच नोंदवते. यांचा मात्र गंगाखेडशी संबंध आगाराचा. नदीच्या घाटावर ते उभे आयुष्यात निवांत बसले नव्हते. "रात्री मुक्कामी गाडी लावायची, पहाटे काढायची, घाट बघायचा कधी?"

त्या घाटावर मला एक विलक्षण गोष्ट दिसली. सपाट जमिनीवर चार पावलांत अडखळणारा हा माणूस पायऱ्या मात्र बऱ्यापैकी चढला-उतरला. मी कठडा आणि त्यांचा दंड दोन्ही धरून होते, तरी वेग त्यांचाच होता. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की कंपवातात असे आढळते. पायरीची कड डोळ्यांना दिसते आणि पाऊल कुठे टाकायचे याची ती खूण होते. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट बिघडलेली असते, पण खूण पाहून किंवा ताल ऐकून पाऊल टाकण्याची वाट बरीच शाबूत असते. म्हणून घरातही दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवतात, कुणी एक-दोन-एक-दोन मोजतात. (पायऱ्या चढता येतात म्हणून कुणी रुग्णाला एकट्याने चढू देऊ नये. तोल जाण्याची भीती आहेच.)

आमच्याकडे मोजणे चालेना. एक-दोन म्हटले की त्यांना ते कवायतीसारखे वाटे आणि राग येई. एकदा देवळाच्या दारात त्यांचे पाय जमिनीला खिळले. मागे माणसे खोळंबली, त्यांच्या कपाळावर घाम आला. माझ्या तोंडून अचानक निघाले, "टिंग टिंग." डबल बेल. गाडी सुटण्याची. उजवा पाय उचलला गेला, मग डावा. मागची एक बाई हसली, आम्हीही हसलो. तेव्हापासून पाय थांबले की मी घंटी देते. हा उपाय कुठल्या पुस्तकात नाही; पण ताल आणि आवाज यांची मदत घेण्याचे तत्त्व तेच आहे, असे डॉक्टर म्हणाले. ज्याच्या त्याच्या आयुष्यातला ताल शोधावा लागतो. वारकऱ्याला टाळ पुरेल, शिंप्याला कदाचित यंत्राचा आवाज.

कंधारला जाण्याचा आग्रह माझा. लोह्याच्या पुढे हा भुईकोट किल्ला आहे. डोंगर चढायचा नाही, ही आमच्यासारख्यांची सर्वांत मोठी सोय. राष्ट्रकूटांशी, विशेषतः दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाशी त्याचे नाते सांगतात. म्हणजे वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याचे, त्याच घराण्याचा हा वारसा. कैलास पाहायला जग येते आणि कंधारच्या रुंद खंदकाकाठी त्या सकाळी आम्ही दोघे, मोटारीचा चालक आणि काही शेळ्या. आतले दगडी फरसबंद खडबडीत आहे, तेव्हा चाकांची खुर्ची तिथे निरुपयोगी ठरते. घडीची खुर्ची बरोबर होती, ती दर शंभर पावलांवर मांडली. पूर्ण किल्ला पाहिला नाही. पाहायलाच हवा असे काही नव्हते.

आता ज्या फेरीसाठी हे लिहायला घेतले, ती माळेगावची. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघाली की माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या त्या लहानशा गावात घोडे, उंट, गाढवे, बैल, कुत्री यांचा बाजार भरतो. कुस्त्यांचा फड, लावणीचे कार्यक्रम, घोंगड्यांची दुकाने, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे. यांनी नोकरीत दर वर्षी यात्रेच्या जादा गाड्यांवर काम केले. म्हणजे यात्रा त्यांनी पाहिली ती दारात लटकणाऱ्या गर्दीच्या, सुट्या पैशांच्या आणि तिकिटांच्या पेटीच्या रूपात. बसथांब्यापलीकडे ते कधी गेलेच नव्हते.

देवस्वारीचा दिवस आम्ही मुद्दाम टाळला. त्या गर्दीत तोल गेला तर सावरायला जागा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी वेळा अमावास्या. त्या दिवशी अहमदपूरकडे नणंदेच्या शेतात बोलावणे होते. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, मग आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. इथे एक गोष्ट सांगायला हवी. भज्जीत तूर, पावटा, वाटाणा, हरभरा असे सारे ओले दाणे आणि वर बेसन. म्हणजे प्रथिनेच प्रथिने. लेवोडोपा आणि प्रथिने आतड्यांतून रक्तात शिरताना एकमेकांच्या आड येतात. म्हणून गोळी जेवणाआधी किमान अर्धा तास द्यायची, असे आम्हाला सांगितलेले आहे. नणंदेला वाटले, मी उगाच तिच्या दादाचे पान खोळंबून ठेवते. "वर्षाचा सण, अन् तू घड्याळ बघायलीस वहिनी!" मी बघत होते. अर्ध्या तासाने त्यांनी भज्जी दोनदा मागून घेतली.

रात्री तिथेच मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गोळीनंतर माळेगाव गाठले. धुके उतरत होते, जनावरांच्या अंगातून वाफ निघत होती. यांनी एका घोड्यासमोर खुर्ची मांडायला सांगितली. मालकाला किंमत विचारली. आवाज इतका बारीक, की मालकाला वाकून कान द्यावा लागला. पण तो वाकला. घासाघीस झाली. घोडा घ्यायचा नाही हे मालकालाही समजले असावे, तरी त्याने रीतीप्रमाणे रुमालाखाली हात घेतला, आणि यांनी थरथरत्या बोटांनी त्याच्या तळहातावर बोली दाबली. मालक म्हणाला, "मामा, बोटं हालायलीत. हे तीन का पाच?" हे म्हणाले, "तूच ठरव." दोघे किती तरी वेळ हसत होते. मी थोडी बाजूला जाऊन उभी राहिले.

अशा फेऱ्यांची तयारी आता हाताला बसली आहे. गाडीच्या आसनावर जुन्या रेशमी साडीचा तुकडा अंथरते, त्यामुळे बसल्या जागी अंग वळवून पाय बाहेर काढणे सोपे जाते. पाय बाहेर आल्यावर दोन मिनिटे तसेच बसायचे, मग उठायचे. या आजारात आणि त्यावरच्या औषधांत उभे राहताच रक्तदाब घसरून चक्कर येण्याचा संभव असतो. लघवीचे भांडे, पडद्यासाठी चादर, पाण्याची बाटली. वाटेत शौचाला जावे लागेल म्हणून पाणी कमी पिणे ही वृद्धांची, विशेषतः बायकांची जुनी खोड आहे आणि ती वाईट आहे. गोळ्यांचे दोन संच, एक माझ्या पिशवीत, एक चालकाकडे. मार्च ते जून आम्ही बाहेर पडत नाही. परभणी जिल्ह्याचा उन्हाळा धडधाकट माणसाला लोळवतो. अपवाद एकच. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा करत गंगाखेडला येते, तेव्हा सकाळी लवकर रस्त्याकडेला सावलीत खुर्ची टाकून बसतो. तिथे टाळांचा ताल आयता मिळतो, माझ्या घंटीची गरज पडत नाही.

पंतप्रधानांचे पंधराचे उद्दिष्ट आम्ही २०२२ पर्यंत पुरे केले नाही. आजवर अकरा झाली. सगळी घरापासून दीड तासाच्या आतली.

गेल्या दसऱ्यापासून साडेतीन तासांचे अडीच झाले आहेत. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या, एक नवी गोळी वाढवली, आणि पुढे काय होत जाईल तेही स्पष्ट सांगितले. कंधार आता आवाक्याबाहेर गेले. या वर्षी माळेगावच्या यात्रेला मुलगा पुण्याहून येणार आहे, चाकांची खुर्ची घेऊन. मातीत ती चाके चालतील का, हे पाहायला तो चालक मुलगा कालच सायकलचे चाक घेऊन शेतात गेला होता. यांनी मला कपाट उघडून खाकी डगला काढून ठेवायला सांगितला. पहाटे थंडी असते, म्हणाले. आणि त्या घोडेवाल्याने ओळखले पाहिजे.