पेलाभर पाणी

दाढीला पाणी लागतं किती? ब्रश भिजवायला, गाल ओले करायला आणि रेझर विसळायला मिळून एक पेला. आमच्या लातूरच्या घरात हा हिशोब ठरलेला होता. अण्णांच्या दाढीचा पितळी पेला वेगळा असे. तो दुसऱ्या कुठल्याही कामाला घ्यायचा नाही. बंबातलं कढत पाणी त्यात ओतायचं, ब्रश बुडवून ठेवायचा, खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचा आणि पाटावर मांडी घालून बसायचं. दाढी होईतो पेल्यातलं पाणी दुधट करडं होई. ते मोरीत ओतलं, पेला घासला, फळीवर पालथा ठेवला की झालं.

आज माझ्याकडे बेसिन आहे, नळ आहे, बहुतेक दिवस नळाला पाणीही आहे. तरी पेला भरून घेतल्याशिवाय मी रेझरला हात लावत नाही. पेल्याच्या पाण्यात दाढी करायला लागलं की घाई आपोआप उतरते. ब्रश भिजतो आहे तोवर गाल भिजतात. दाढीचा केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. दोन-तीन मिनिटं त्याला तशी मिळाली की पात्याचं निम्मं काम पाण्यानेच केलेलं असतं. वाटीतल्या गोल साबणावर ओला ब्रश फिरवला की आधी मोठाल्या बुडबुड्यांचा पोकळ फेस येतो. तो गालाला लावून उपयोग नाही. हात थांबवायचा नाही, दोन थेंब पाणी आणखी घ्यायचं, पुन्हा फिरवायचं. मग बुडबुडे दिसेनासे होतात, फेस साय धरलेल्या दह्यासारखा दाट होतो आणि ब्रश उचलला की त्याचं टोक वळून उभं राहतं. तो फेस गालावर चढताना जी ऊब लागते, तिच्यासाठी मी थंडीत मुद्दाम लवकर उठतो.

आणि मग रेझर. तीन तुकडे: दांडी, खालची दातेरी पट्टी, वरचं झाकण. मध्ये ब्लेड. दांडी आवळत आणली की सपाट ब्लेड झाकणाच्या बाकाशी जुळवून घेत हळूहळू वाकतं. सगळी करामत या वाकण्यात आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जाड पोलाद बोटांत धरलं तर लवलवतं. वाकवून दोन्हीकडून दाबलं की ताठ होतं. इतकं पातळ पोलाद फेकून देण्याइतकं स्वस्त करता येईल, हे किंग कॅम्प जिलेट यांच्या डोक्यात 1895 मध्ये आलं. ते फिरते विक्रेते होते, बाटल्यांची बुचं विकायचे. बुचाचा शोध लावणारे विल्यम पेंटर यांनी त्यांना सांगितलं होतं, लोक वापरून टाकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी काढ. कल्पना सुचली, पण कागदासारख्या पत्र्याला पाणी चढवून धार टिकवायची कशी, हे जाणकारांना अशक्य वाटत होतं. बॉस्टनच्या एमआयटीत शिकलेल्या विल्यम निकरसन यांनी ते जमवलं. 1903 साली विकले गेले 51 रेझर आणि 168 ब्लेडं. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा 90 हजारांच्या वर गेला. याच जिलेटनी 1894 साली एक पुस्तक लिहिलं होतं. धंद्यातली जीवघेणी स्पर्धा संपावी आणि नायगाराजवळ एका विशाल शहरात सगळ्यांनी मिळून राहावं, असं स्वप्न त्यात मांडलं होतं. ते शहर काही उभं राहिलं नाही. ब्लेडच्या कागदावर मात्र त्यांचा मिशीवाला चेहरा जगभर पोचला.

आपल्याकडे ब्लेड फेकण्यासाठी आहे हे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दाढीतून निवृत्त झालेलं ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात जायचं, उसवायला. तिथून आमच्या कंपासपेटीत, पेन्सिलीला टोक काढायला. एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळायची म्हणजे बोट कापत नाही. स्टेनलेस स्टीलची ब्लेडं 1960 नंतर रुळली. त्याआधीची ब्लेडं गंजायची, म्हणून दाढी झाल्यावर पुसून कोरडी करावी लागत. धार बोथट वाटली तर काचेच्या ग्लासाच्या आतल्या बाजूला ब्लेड बोटाने दाबून पुढे-मागे घासायचं. ग्लासाची गोलाई धारेला बेताची लागते आणि ब्लेड आणखी आठवडाभर चालतं. पुढे टोपाझ आली, पनामा आली, ठाण्याच्या कारखान्यातली सुपरमॅक्स आली. किराणा दुकानात काउंटरमागे पुठ्ठ्यावर लावलेली ती पाकिटं कुणाला आठवत नाहीत?

या रेझरात एक गोष्ट हाताकडे सोडलेली आहे: कोन. झाकण गालाला टेकवायचं आणि दांडी हळूहळू खाली आणायची. साधारण तीस अंशांवर पातं त्वचेला भेटतं आणि कर्र असा बारीक, कोरडा आवाज येतो. दांडी जरा वर गेली की आवाज बंद, फेस नुसता सरकतो. जरा खाली गेली की पातं ओरबाडायला लागतं. गालाच्या सपाटीवर हा कोन सापडतो लवकर, पण जबड्याच्या कडेवर गाल वळतो, तिथे मनगटही वळावं लागतं. हनुवटीखाली केस कुठे वर वाढतात, कुठे आडवे, आणि माझ्या गळ्याच्या डाव्या अंगाला तर ते भोवरा करून बसलेत. ओठांवरची जागा वरचा ओठ दातांवर ताणून करायची. आरशात दिसत नाही ते कानाला कळतं. पंखा बंद करून, कुणाशी न बोलता मी दाढी करतो ती त्या आवाजासाठी.

पोलाद केसाच्या पन्नासपट कडक असूनही ब्लेड बोथट का होतं, याचा छडा 2020 मध्ये लागला, तोही एमआयटीतच. सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले, तेव्हा धार सरसकट झिजत नसल्याचं दिसलं. तिचे बारीक टवके उडतात. केस वाकला, त्याने पात्याला तिरका भार दिला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की तिथे टवका उडतो. हे वाचलं तेव्हा मला अण्णांची ब्रशवरची मेहनत आठवली.

कार्ट्रिजने कोन हातातून काढून घेतला. 1971 मध्ये दोन पात्यांचं डोकं आलं, 1998 मध्ये तीन, 2006 मध्ये पाच. पाती कारखान्यातच ठरावीक कोनात बसवलेली, डोकं दांडीवर डुलतं, गाल वळेल तसं तेही वळतं. पहिलं पातं केस किंचित ओढून धरतं, मागचं तो आत मागे सरकायच्या आधी आणखी खाली कापतं. दाढी तुळतुळीत होते यात शंका नाही. पण केस त्वचेच्या पातळीच्याही खाली कापला गेला आणि तो मुळात कुरळा असला, तर उगवताना कातडीतच शिरतो. मानेवर लाल पुळ्या येतात. शिवाय पात्यांमधली फट इतकी अरुंद की फेस आणि केस तिथे घट्ट बसतात. ते निघायला नळाची जोरदार धार लागते, आणि बेसिनचा नळ सोडला की मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी सहज जातं.

इथे पेल्याची गोष्ट पुन्हा येते. 2002 मध्ये जिलेटने भारतासाठी म्हणून एक कार्ट्रिज रेझर बाजारात आणला. तो आधी तपासून घेतला होता एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून. त्यांना तो पसंत पडला. वसतिगृहात त्यांच्यासमोर वाहता नळ होता. भारतात तो चालला नाही, कारण इथे बहुसंख्य पुरुष पेलाभर पाण्यात दाढी करत होते आणि त्या पाण्यात अडकलेला केस सुटत नव्हता. मग कंपनीने वीस माणसं इथे पाठवली. ती लोकांच्या घरी जाऊन बसली, हजाराहून अधिक जणांसोबत त्यांनी तीन हजार तास घालवले. जमिनीवर बसून, हातात आरसा धरून, अंधुक उजेडात चाललेल्या दाढ्या त्यांनी पाहिल्या. 2010 मध्ये जो रेझर निघाला तो 15 रुपयांचा, त्याचं पातं 5 रुपयांचं. पातं एकच. मागे मोकळी फट, पेल्यात एकदा हलवला की स्वच्छ. मला या गोष्टीचा मनापासून आनंद होतो. पात्यांची संख्या दर काही वर्षांनी वाढवत नेणाऱ्या माणसांना आमच्या पाटाशेजारच्या पेल्याने पुन्हा एका पात्यावर आणलं. आणि ज्यांनी तीन हजार तास बसून पाहिलं, त्यांचंही मला कौतुक वाटतं. पाहायला तेवढं बसतो कोण?

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या गल्लीत पाण्याचे शब्द बदलले होते. बादली कोणी म्हणत नव्हतं. तांब्या, पेला, वाटी अशीच मापं बोलण्यात होती. पाहुणा आला तर पाणी अर्धं भांडं द्यायचं आणि त्याला वाईट वाटायचं नाही. टँकरचं पाणी गढूळ असलं की आई घागरीत तुरटी फिरवायची आणि गाळ बसला की वरचं पाणी अलगद ओतून घ्यायची. तोच तुरटीचा खडा दुसऱ्या टोकाला अण्णांच्या कामाचा. दाढी झाली की ओल्या गालावर फिरवायचा. कुठे कापलं असेल तर चुरचुरतं, रक्त थांबतं, कातडी आवळते. आफ्टरशेव्हची बाटली आमच्या घरात कधी आलीच नाही. त्या उन्हाळ्यात कामं खूप अडली, धुणं साठलं, पण अण्णांची दाढी एक दिवस चुकली नाही.

अण्णांच्या आधीच्या पिढीत दाढी स्वतः करायचीच नसे. बलुतेदारीतला न्हावी धोकटी घेऊन यायचा, ओट्यावर वाटी, वस्तरा, आरसा मांडायचा आणि सुगीला त्याच्या वाट्याचं धान्य जायचं. त्या हातांइतकी चेहऱ्याची जाण कुणालाच नव्हती, पण ते हात गावातल्या प्रत्येकासाठी नव्हते. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावचा न्हावी हात लावत नसे. म्हणून स्वतःच्या घरात, स्वतःच्या आरशात, कुणाची मर्जी न धरता दाढी करता येणं ही काही माणसांसाठी फार मोठी गोष्ट होती. रेझरच्या इतिहासात तिची नोंद व्हायला हवी.

सलूनमध्ये मी अजूनही जातो, ते कसब पाहायला. कारागीर कागदासकट ब्लेड बोटांत धरतो, मध्यावर वाकवतो, कट असा आवाज होतो आणि दोन अर्धी होतात. एक वस्तऱ्याच्या खाचेत, दुसरं पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागदात. आता हरेक माणसाला नवं पातं हा रिवाजच झाला आहे. पाणी तो आमच्याहूनही कमी वापरतो: फवाऱ्याच्या बाटलीचे चार फवारे आणि एक ओला नॅपकिन.

कार्ट्रिजला माझ्या घरात जागा आहे. विमानात हातातल्या बॅगेत सुटं ब्लेड चालत नाही, तेव्हा तोच बरोबर असतो. आणि अण्णांचे हात थरथरायला लागल्यावर मी त्यांची दाढी कार्ट्रिजनेच करायचो. त्यांची मान मध्येच हलायची. डुलणारं डोकं ते सांभाळून घ्यायचं. फेस मात्र ब्रशनेच, आणि पाणी पितळी पेल्यातच. त्यांचं तेवढं म्हणणं होतं.

गेल्या महिन्यात पुण्याहून पुतण्या आला, मानेवर पुळ्या घेऊन. पाच पात्यांचा रेझर वापरतो, दाबून, उलटा. मी त्याला तीन तुकड्यांचा एक नवा रेझर आणि ब्लेडचं पाकीट दिलं. पहिल्या दिवशी त्याने नळ सोडला तो मी बंद केला आणि पेला पुढे ठेवला.

"काका, दाबायचं किती?"

"रेझरला स्वतःचं वजन आहे. तू फक्त ने."

त्याने झाकण गालाला टेकवलं, दांडी खाली आणली. काही नाही. आणखी थोडी आणली. आवाज आला तसा तो थबकला आणि आरशातूनच माझ्याकडे बघून हसला. उजवा गाल झाला, डावा झाला. हनुवटीखाली गेल्यावर मी त्याचं बोट धरून केसांची दिशा दाखवली; त्याच्याही गळ्याला डाव्या अंगाला भोवरा आहे.

"आता उलट्या बाजूने एकदा मारू का? अजून खरखरीत लागतंय."

"आज नको. महिनाभर केसांच्या दिशेनेच कर. पुळ्या बसू देत, मग बघू. आणि ब्लेड बदलायला विसरू नकोस, बोथट झालं की मुलं दाबायला लागतात. जुनी ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकायची नाहीत, कचरा उचलणाऱ्या बाईचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याला वर चीर पाड आणि त्यात टाकत जा. भरला की भंगारवाल्याला दे, पोलाद आहे, तो घेतो."

त्याने मोबाइल काढून डब्याचं तेवढं लिहून घेतलं.