मजीठ

वडोदऱ्यात मंजिष्ठा मागितली तर दुकानदार क्षणभर बघत राहतो. मजीठ मागावी लागते. लग्न होऊन दांडियाबाजारात आले, त्या पहिल्या दिवाळीला उटण्याची यादी मी माहेरच्या मराठीत लिहून मांडवीजवळच्या गांधीकडे नेली. गांधी म्हणजे इथे आडनाव नव्हे, धंदा. गंधद्रव्यं आणि काष्ठौषधी विकणारा. त्यांनी यादी वाचता वाचता एकेका नावाचं नव्यानं बारसं केलं. वेखंड ते घोडावज, ज्येष्ठमध ते जेठीमध, कपूरकाचरी ती कपूरकाचली. शेवटी मंजिष्ठेवर बोट ठेवून म्हणाले, “बेन, मजीठ आखी आपुं के पूड?” मी पूड म्हणाले. पुढची तीन वर्षं तेच म्हणत राहिले.

विटकरी रंगाची कुठलीही पूड मंजिष्ठा म्हणून खपते, हे कळायला तेवढा वेळ लागला. मंजिष्ठा ही वेल. तिचं खोड चौकोनी आणि खरखरीत. मूळ गोल, पेन्सिलीहून बारीक, मोडलं की आत लाल. बाजारात मुळांबरोबर खोडाचे तुकडेही त्याच नावानं, त्याच भावानं येतात. आता मी तुकडा बोटांत फिरवते. कडा लागली की बाजूला. मग एक दाढेखाली धरायचा. आधी गोडसर, मग तुरट-कडू, आणि थुंकी लाल. गांधीकाका आता न सांगताच गोणीचं तोंड माझ्याकडे वळवतात.

खरं काम घरी आल्यावर. मूळ चिवट असतं. दोन दिवस कडक ऊन, मग खलबत्त्यात ठेचणं, मग मिक्सरमधून थांबत थांबत फिरवणं, कारण भांडं तापलं की पूड त्याला धरून बसते. शेवटी वस्त्रगाळ. चाळणी इथे उपयोगाची नाही. राहिलेला एखादा तंतू गालावर काट्यासारखा ओरखडतो. एकदा कंटाळून डबा घंटीवर नेला होता (पिठाच्या गिरणीला इथे घंटी म्हणतात). घंटीवाल्यानं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावून डबा परत दिला. माझ्यामागच्या बाईची बाजरी होती. पीठ गुलाबी निघालं असतं तर ती भांडली असती त्याच्याशी, माझ्याशी नव्हे.

चरकसंहितेत ‘वर्ण्य’ नावाचा दहा द्रव्यांचा गण आहे. त्यात चंदन, पद्मक आहेत, पण माझ्या कामाची चार मुळंच: वाळा, ज्येष्ठमध, उपळसरी आणि मंजिष्ठा. वर्ण्य म्हणजे वर्ण सुधारणारं, असं मी ओळखीच्या बायकांना मोठ्या ठसक्यात सांगत असे. माझ्याकडून उटणं नेणाऱ्याही पहिल्या दिवशी चेहरा खुलला म्हणत, आणि मी खूश.

मग पंच्याचं झालं. भाचीच्या पुटकुळ्यांसाठी एका वर्षी मंजिष्ठेत हिरड्याची पूड आणि थोडी तुरटी घातली. तिनं लेप धुऊन तोंड पुसलं ते सासऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र पंच्याला, आणि तो गरम पाण्याच्या बादलीत तसाच रात्रभर राहिला. सकाळी पंचा विटकरी-गुलाबी! साबण झाला, सोडा झाला, उन्हात वाळवून झाला. रंग हलेना. गांधीकाकांना सांगितलं तर ते मनापासून हसले. “चोळ मजीठ, बेन. ए रंग जाय नहीं.” आधी हिरडा, मग तुरटी, मग मजीठ: गुजरातचे रंगारी पिढ्यान्‌पिढ्या सुती कापड असंच तर लाल करत आले. तुरटी रंगाला धाग्याशी बांधते. मी न्हाणीघरात नकळत रंगाऱ्याची कुंडीच मांडली होती.

घरापासून फार लांब नाही ते कलाभवन. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं काढलेलं. आपण मराठी माणसं ते फाळक्यांच्या शिक्षणामुळे ओळखतो, पण तिथे रंगाईचं शास्त्रही शिकवत. तोवर मजिठीचे दिवस भरलेच होते. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान यांनी तिच्या युरोपीय बहिणीचा रंग, अलिझरिन, डांबरातल्या द्रव्यापासून बनवला होता. मुळं उकळत कोण बसेल मग? आपल्या मंजिष्ठेत अलिझरिनपेक्षा पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन जास्त. या दुसऱ्या नावात तर ती स्वतःच बसली आहे. रंगाऱ्यानं सोडलेली ही मुळी आता मुख्यतः वैद्याच्या काढ्यात आणि आमच्या वाटीत उरली.

तेव्हापासून माझं बोलणं बदललं. पहिल्या दिवशी गाल खुलतो तो बराचसा रंगच असतो. दोन अंघोळींत उतरतो. वर्ण्य या शब्दातला वर्ण असाही वाचता येतो, याचं मला आता हसू येतं. कातडी गोरी होईल का, असं विचारणाऱ्या आईला मी सरळ नाही म्हणते. गोरं करण्याच्या नावाखाली या बिचाऱ्या मुळीला फार राबवलं गेलंय. चार चमचे मसुराच्या पिठाला एक चमचा पूड, दूध किंवा नुसतं पाणी, पूर्ण वाळायच्या आत धुवायचं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. तुरटी अजिबात नाही. मऊपणा मिळतो, वास छान येतो, आणि माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे.

केसांना मात्र तिचा रंगच हवा असतो. तेलात ती फारशी उतरत नाही. तेल लाल करायचं तर रतनजोत. मजीठ मेंदीत घालायची, तीही लोखंडी कढईत भिजवून. लोखंडानं तिची लाली काळसर तपकिरी होते, आणि पांढऱ्या केसांवर मेंदीचा नारिंगी भडकपणा जरा दबतो. सासूबाई नेमानं कढईच काढायच्या. का, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही मला सांगितलं नाही.

पंचा सासऱ्यांनी पुन्हा वापरला नाही. मी त्याचे चार तुकडे केले. त्यातल्या एकातून अजून पूड गाळते. नवी पूड त्यावर पडली की कापड कुठे संपलं ते दिसत नाही.