हातोहात

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारी मांडून बसणाऱ्या नाणेवाल्यांकडे दोन ढीग असतात. शिवराया, ढब्बू पैसे, राणीछाप रुपये एका बाजूला, ओळीने मांडलेले. दुसरा ढीग गोणपाटावर नुसता ओतलेला. त्याला नाव एकच, ‘फॉरेन’. त्यातलं नाणं कुठल्या देशाचं, कुठल्या सालचं, हे विकणाराही विचारत नाही. आपण वेचावं आणि नगावर पैसे द्यावेत. माझा जीव या दुसऱ्या ढिगात अडकला आहे. कुणी आखातातून सुटीवर येताना खिशात राहिलेलं, कुणा खलाशाच्या पेटीतून निघालेलं, कुणाच्या आजोबांच्या टेबलाच्या खणात वर्षानुवर्षं पडलेलं, अशी जगभरची चिल्लर इथे येऊन पडते. तिला तिचं गाव विचारणारं कुणीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं.

ओळख पटवायला सुरुवात डोळ्यांनी होत नाही, बोटांनी होते. ॲल्युमिनियमचं नाणं उचललं तरी हाताला लागत नाही. निकेल लोहचुंबकाकडे झेपावतं, चांदी जागची हलत नाही. चांदी फरशीवर पडली की तिचा नाद लांबत जातो. शिशाचं बनावट नाणं थप्पकन पडतं आणि गप्प होतं. मग कडेवरून बोट फिरवायचं. चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून लोक चांदी काढून घ्यायचे, म्हणून टांकसाळींनी कडेवर खाचा पाडल्या, अक्षरं उमटवली. कड शाबूत असेल तर नाणं पूर्ण वजनाचं. हे सगळं झालं की भिंग घ्यायचं आणि लिपीपाशी यायचं.

इथे शाळेतला नकाशा कामाला येत नाही. देश स्वतःला ज्या नावाने हाक मारतो, तेच नाव त्याच्या नाण्यावर असतं. फिनलंडच्या नाण्यावर सुओमी, हंगेरीच्या नाण्यावर मॉज्यर, क्रोएशियाच्या नाण्यावर हर्वात्स्का. स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा नांदतात. एकीतलं नाव घ्यावं तर बाकीच्या तिघी रुसतील, म्हणून त्यांनी जुनं लॅटिन नाव घेतलं, हेल्वेटिया. त्यांच्या दहा रापेनच्या नाण्याचं रूप १८७९ पासून बदललेलं नाही. पणजोबांनी ज्या चेहऱ्याचं नाणं देऊन काही विकत घेतलं असेल, त्याच चेहऱ्याचं नाणं पणतू आज देतो. कुठल्याही देशाबद्दल मला हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे.

नाव लागलं की साल. आणि सालापाशी आलं की माणूस थांबतोच. नेपाळचं नाणं आपल्याला देवनागरीमुळे लगेच वाचता येतं. त्यावर २०४५ असतं आणि क्षणभर गोंधळ होतो, मग लक्षात येतं की हा विक्रम संवत आहे, सत्तावन्न वजा करायचे. थायलंडचं साल बुद्धाच्या निर्वाणापासूनचं, त्यातून पाचशे त्रेचाळीस वजा. इथिओपियाची कालगणना आपल्या इंग्रजी सालापेक्षा सात-आठ वर्षं मागे. इराणच्या शहाने तर १९७६ साली पंचांगच फिरवलं: सायरसच्या राज्यारोहणापासून वर्षं मोजायची असं ठरलं आणि जे १३५५ असायचं ते एका हुकमाने २५३५ झालं. १९७८ साली तो हुकूम मागे घ्यावा लागला, पुढच्याच वर्षी शहाला देश सोडावा लागला. पण त्या दोन-अडीच वर्षांतली नाणी राहिली. फारसी अंक शिकून घेतले की कुणालाही ती ओळखता येतात, आणि एका सिंहासनाची शेवटची घाई त्या चार अंकांत दिसते. ढिगातल्या अशा तीन-चार नाण्यांनी तळहात भरला, की एकाच हातावर तीन-चार शतकं वेगवेगळ्या गतीने चाललेली असतात. मला या छंदात सगळ्यात मोठा आनंद कुठला असेल, तर हा.

जपानचं पाच येन घ्या. पितळी, मधोमध भोक. आपल्याकडेही महायुद्धाच्या काळात भोकाचा पैसा निघाला होता, म्हणून हे नाणं हातात आलं की जुनी माणसं लगेच खुलतात. त्याच्यावर आकडा कुठेच नाही. किंमतही अक्षरांत आणि सालही. भिंगाखाली धरलं की दिसतं: एक भाताची लोंबी, धान्याच्या भाराने वाकलेली. तिच्याखाली आडव्या रेघा, ते पाणी. आणि भोकाभोवती बारीक दाते. ते यंत्राचं चाक. युद्धात राख झालेल्या देशाने पुन्हा उभं राहताना स्वतःजवळ काय काय उरलं आहे, याची मोजदाद केली ती या नाण्यावर: शेत, समुद्र, कारखाना. दुसऱ्या बाजूला सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव आणि तिचं कितवं वर्ष. बावन्न लिहायचं तर पाच, दहा, दोन अशी तीन चिन्हं एकामागून एक. शोवा कारकीर्द असेल तर त्यात १९२५ मिळवायचे, हेइसेई असेल तर १९८८. हे गणित जमलं आणि १९७७ हे उत्तर आलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. कुणा अनोळखी माणसाने आपण होऊन वय सांगावं, तसा.

पण प्रत्येक नाणं खरं वय सांगतंच असं नाही. मारिया थेरेसाचा थालर हे जगातलं एक फार मोठं, फार देखणं आणि फार विलक्षण नाणं. सुमारे अठ्ठावीस ग्रॅम वजनाचं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी उजवीकडे तोंड करून, भरल्या अंगाची, डोक्यावर विधवेची ओढणी, खांद्यावर मोती जडवलेला ब्रोच. साल १७८०. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती वारली. आणि नाणं निघतच राहिलं, त्याच चेहऱ्याने, त्याच सालाने, पुढची दोन शतकं. कारण लाल समुद्राच्या दोन्ही तीरांवरच्या माणसांनी याच चेहऱ्यावर विश्वास टाकला होता. येमेनची कॉफी या नाण्यावर विकली जायची. इथिओपियाच्या डोंगरात मिठाच्या लाद्या सुट्ट्या पैशासारख्या चालायच्या आणि मोठ्या व्यवहाराला हा थालर. व्यापारी तो हातात घेऊन ब्रोचमधले मोती बोटाने चाचपायचे, चेहऱ्याखालची दोन टांकसाळ-अक्षरं पाहायचे. तिथे जरा फरक दिसला तर नाणं परत. ऑस्ट्रियाचा नवा राजा कोण, तिकडे साम्राज्य आहे की बुडालं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मुसोलिनीला इथिओपियावर चालून जायचं होतं, तेव्हा १९३५ साली त्याने या नाण्याचे साचे व्हिएन्नाकडून रोमसाठी मिळवले. तिथल्या बाजारात तिथलाच पैसा लागणार, हे त्यालाही कळत होतं. मग इंग्रजांनीही त्यांच्याकडे तेच नाणं पाडायला घेतलं. आणि १९४० च्या सुमारास हे काम आलं ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. फोर्टातली ती खांबांची इमारत रिझर्व्ह बँकेजवळून जाणाऱ्या हजारो लोकांनी पाहिलेली असते. तिथल्या कामगारांनी, म्हणजे गिरणगावातून किंवा कोकणातून आलेल्या कुणाकुणाच्या आजोबा-पणजोबांनी, एकशेसाठ वर्षांपूर्वी वारलेल्या ऑस्ट्रियन राणीचा चेहरा चांदीवर उठवला. तेही लाखोंनी. त्यावर मुंबईचं नाव नाही, १९४० नाही, १७८० आहे. तिथून हे थालर लाल समुद्राकडे गेले. एडन तर जवळजवळ शंभर वर्षं मुंबई इलाख्यातच होतं, त्यामुळे ही वाट जुनीच. मुंबईत पाडलेला थालर कोणता आणि व्हिएन्नाचा कोणता, हे जाणकार केसांच्या बटा, मोती, मागच्या बाजूच्या गरुडाच्या पंखांची पिसं असले बारीक फरक पाहून सांगतात. मी अशा एका नाण्याच्या कडेवरची लॅटिन अक्षरं वाचली आहेत: न्यायाने आणि दयेने, हे तिचं ब्रीद. उठावाच्या त्या अक्षरांच्या माथ्यांवर चांदी गुळगुळीत झाली होती. कुणा हबशी, कुणा अरब माणसांच्या बोटांनी.

एका सत्तेच्या नाण्यावर दुसऱ्या सत्तेने आपला ठसा मारावा, हेही नवं नाही. नाशिकजवळ गोदावरी आणि दारणा जिथे मिळतात, त्या जोगलटेंभीत १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांवर त्याचा चेहरा, आणि त्याचं नाव तीन लिप्यांत: ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला आहे. एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. नहपानाला हरवल्यावर त्याची नाणी वितळवली नाहीत, तशीच पुन्हा चालवली. नव्या ठशाच्या खालून जुन्या राजाचं नाक, एखादं ग्रीक अक्षर डोकावतं. चित्रांत पाहतानासुद्धा अंगावर काटा येतो. गोदाकाठच्या वाण्याने ते नाणं आधी एका राजाचं म्हणून घेतलं, मग दुसऱ्याचं म्हणून दिलं. चांदी तीच, तराजू तोच.

म्हणून नाणेसंग्राहकांच्या जगातली एक रीत मला पटत नाही. तिथे भाव ठरतो तो झिजेवर. जितकं कमी झिजलेलं तितकं मोलाचं, आणि सगळ्यात मोलाचं ते यूएनसी, म्हणजे व्यवहारात कधी आलंच नाही असं. मी त्या नाण्यांचं देखणेपण नाकारत नाही. साचा कसा होता, कोरणाऱ्याचा हात कसा चालला, हे त्यांच्यावरच नीट कळतं. पण ज्या नाण्याने एकदाही मीठ, तेल, एखाद्या पोराची फी विकत घेतलेली नाही, त्याच्याविषयी मला प्रेम वाटत नाही. छाप राजाची असते, झीज रयतेची. शिवराई पाहा. महाराजांच्या राज्याभिषेकापासून निघालेलं हे तांब्याचं नाणं पेशवाईभर पाडलं जात राहिलं आणि इंग्रजी आल्यावरही खेड्यापाड्यांतून चालत राहिलं. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. मागाहूनच्या ओबडधोबड टांकसाळींत ‘शिव’चं ‘सिव’ झालं, अक्षरं वेडीवाकडी झाली, पण नाव सुटलं नाही. जुन्या बाजारात मिळतात त्या शिवराया बहुतेक इतक्या झिजलेल्या, की ‘राजा’तला एखादा काना आणि ‘छत्र’चा कोपरा एवढंच उरलेलं असतं. बाकीचं बोटाने वाचायचं.

यातच एक सांगून टाकते, कारण ते मला फार लागतं. विकणारे तांब्याची नाणी चिंच-मीठ लावून, नाहीतर ॲसिडात बुडवून लख्ख करतात आणि घेणारे खूश होतात. तांब्यावरची ती गडद तपकिरी साय धरायला शंभर-दीडशे वर्षं लागलेली असतात. ती गेली की नाणं कायमचं उघडं पडतं. फार तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडाने टिपून घ्या. आणि त्या मऊ, वास मारणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवू नका. काही वर्षांनी त्यातून हिरवा चिकट थर निघतो आणि नाणं खातो. कागदी पाकीट बरं.

ब्रिटनच्या दोन पेन्या मी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, १९४८ ची आणि १९४९ ची. सहाव्या जॉर्जचा तोच चेहरा, तीच मान. पहिलीच्या कडेला लॅटिनमध्ये त्याच्या बिरुदांची शेवटची दोन आखूड रूपं आहेत, ‘इंड इम्प’: भारताचा सम्राट. दुसरीवर ती नाहीत. पंधरा ऑगस्ट उलटून गेला तरी इंग्लंडच्या माणसाच्या खिशात आपण आणखी काही काळ होतो. मग साचा बदलला आणि नाण्याच्या कडेवरून आपण मोकळे झालो.

गोव्याची गोष्ट याच्या उलट. तिथे पोर्तुगीजांनी १९५८ साली जुनी रुपिया बंद करून एस्कुदो आणला. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपिया, म्हणून नाणीही आगळी: दहा, तीस, साठ सेंतावो, एक, तीन, सहा एस्कुदो. वर ‘एस्तादो दा इंदिया’. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी हा पैसा संपला. फोंड्याच्या एका स्नेह्यांनी मला १९५९ सालचं तीन एस्कुदोचं नाणं दिलं आहे. अक्षरांच्या कडा अजून बोटाला टोचतात. त्याला झिजायला वेळच मिळाला नाही. तरीही ती दोन-अडीच वर्षं बाजार चाललाच असेल, सुंगटं, नारळ, बसचं तिकीट घेतलंच असेल. तेव्हा गल्ल्यातून गल्ल्यात फिरलेलं एखादं नाणं कुठेतरी असणार. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात जुनं सामान घेऊन एक म्हातारे बसतात, त्यांना मी सांगून ठेवलं आहे: काका, चकचकीत नको. चाललेलं असेल तर ठेवा माझ्यासाठी.