लाखेचे वजन

सांगलीच्या हळदपेठेत तीन पिढ्या आडत दुकान चालविणाऱ्या एका घरी आईंच्या पश्चात वर्षभराने दोघा भावांनी दागिन्यांची वाटणी करावयाचे ठरविले. भांडण नव्हते. बोरमाळ थोरल्याच्या मुलीला लग्नात द्यावी, आणि तिच्या वजनाइतके सोने धाकट्याच्या वाट्याला जावे, असे आई स्वतःच सांगून गेल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात पेढी बुडू नये म्हणून त्यांनी हीच माळ गहाण टाकली होती आणि दोन वर्षांनी सोडवूनही आणली होती. त्या वेळची चिठ्ठी त्यांनी डबीत जपून ठेवली होती. तीवर वजन होते ४ तोळे, म्हणजे सुमारे ४६.६५ ग्रॅम.

सराफाकडे नेण्यापूर्वी माळ उजळावी, म्हणून थोरल्या सूनबाईंनी ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटे उकळली. माळ लखलखली. परंतु सराफाच्या काट्यावर वजन भरले ४२ ग्रॅम.

धाकट्या दिरांनी चिठ्ठी एकदा पाहिली, काट्याकडे पाहिले आणि ते गप्प राहिले. व्यापाऱ्याच्या घरात काट्यापुढचे मौन शब्दांहून जड असते. त्या रात्री वहिनींना झोप लागली नाही. जो दागिना सासूबाईंनी विश्वासाने त्यांच्या हाती दिला, तोच आता त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता.

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पेढीवर गेले. वृद्ध सराफांनी एकच प्रश्न विचारला, "वहिनी, उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी काही बसले होते का?"

"तांबूस, चिकट असे काहीतरी होते. इतक्या वर्षांचे तेल अन् मळ असेल, म्हणून मी घासून टाकले."

"तो मळ नव्हता, ती लाख होती," सराफ म्हणाले. बोरमाळेचा मणी भरीव नसतो. पातळ पत्र्याचा पोकळ मणी चेपू नये म्हणून आत लाख भरतात. उकळत्या पाण्यात ती मऊ होऊन दोरा ओवण्याच्या छिद्रांतून बाहेर येते. त्यांनी एक मणी बोटांत हलकेच दाबताच त्याला पोचा पडला. जुन्या चिठ्ठीवरील ४ तोळे हे लाखेसह एकूण वजन होते. निव्वळ सोने कोणी वेगळे लिहिलेच नव्हते. सोने गेले नव्हते, गेला होता तो त्याचा आधार. आणि तो पुन्हा भरता येणार होता.

धाकट्यांनी वहिनींकडे पाहून हात जोडले. मग त्यांनी सराफांकडून कागद मागून घेतला आणि घरी दागिने कसे स्वच्छ करावेत हे स्वतःच्या हाताने लिहून घेतले.

भरीव, बिनखड्याच्या पाटल्या-बांगड्यांसाठी कोमट पाणी, रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबणाचे चार थेंब, आणि लहान मुलाचा मऊ ब्रश पुरे. काम परातीत करावे, नळाखाली नव्हे. निसटलेली कडी मोरीतून परत येत नाही. टूथपेस्ट, राख सोन्यावर ओरखडे पाडतात. लाख भरलेले मणी व साज फक्त ओलसर सुती कापडाने पुसावेत. मोत्यांची नथ आणि चिंचपेटी यांना लिंबू किंवा व्हिनेगर कदापि लावू नये. मोती मुख्यतः चुन्याच्याच जातीचा, आंबटाने झिजतो. त्याची तारही भिजवू नये. कुंदनाच्या खड्यामागे चमकीचा वर्ख असतो, पाणी शिरले की तो काळवंडतो. तेथे कोरडा मऊ ब्रशच चालवावा. पाचूच्या बारीक चिरांत बहुधा तेल मुरविलेले असते, म्हणून त्याला गरम पाणी वर्ज्य. आणि दारावर येऊन "दागिने उजळून देतो" म्हणणाऱ्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवावे. त्याच्या भांड्यात सोने विरघळविणारे आम्ल असू शकते, आणि त्यात गेलेले सोने डोळ्यांना दिसत नाही.

सर्वांत शेवटी सराफांनी सांगितले ते असे : स्वच्छतेपूर्वी दागिना दोघांसमक्ष तोलावा, छायाचित्र काढावे, एकूण वजन व निव्वळ सोने ही दोन्ही वेगवेगळी लिहावीत.

माळेत नवी लाख भरून झाली. आईंच्या डबीत जुन्या चिठ्ठीशेजारी नवी चिठ्ठी ठेवली गेली. तीवर दोन वजने आहेत, आणि खाली दोघा भावांच्या सह्यांबरोबर, धाकट्यांच्याच आग्रहावरून, वहिनींचीही सही आहे.